ऑर्केस्ट्रातला वादक आणि ख्यालाची साथ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा की-बोर्ड वाजवतो. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात त्याला ऑर्केस्ट्राचे बरे काम मिळते. आता त्याला शास्त्रीय गायनाला पेटीची साथ करायची आहे. खान्देशात त्याला वाव आहे, की त्याने पुणे गाठावे?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : मी स्वतः जळगावात ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिन वाजवतो आणि बैठकींत साथही करतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. वाव आहे, परंतु जिथे तो असेल असे वरवर वाटते तिथे नाही. जळगावात दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो आणि बाहेरगावचे नामवंत कलावंत येतात. मात्र मोठा गायक सहसा आपला तबलजी आणि आपला पेटीवाला बरोबर घेऊन येतो. ते योग्यच आहे, कारण त्यांच्यातली समज वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली असते. गावच्या वादकाने तेव्हा श्रोत्यांत बसून कान उघडे ठेवावेत. त्याला वाजवायला मिळते ते उरलेल्या वर्षात : गुरुपौर्णिमेला, विद्यार्थ्यांच्या बैठकींत, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना, नाट्यपदांच्या मैफलीत, आणि ध्वनिचाचणी उत्तीर्ण झाल्यास आकाशवाणीवर. एखाद्या शहरात शास्त्रीय संगीत किती रुजले आहे हे महोत्सवाच्या गर्दीवरून ठरवू नये, संथ लयीचा विलंबित एकताल न ढळता धरणारे तबलजी आणि ख्यालाला, म्हणजे रागदारी गायनाला, पेटीची साथ करणारे किती जण त्या शहरात राहतात यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. अशी माणसे आपल्याकडे कमी आहेत आणि तुमच्या मुलाला काम मिळेल ते त्यामुळेच.

ऑर्केस्ट्राने त्याला जे दिले आहे ते कमी लेखू नका. आयत्या वेळी गायिकेचा आवाज चढत नाही हे ओळखून गाणे खाली घेण्याची सवय त्याला असणारच. फरक एवढाच की, की-बोर्डवर त्यासाठी बटण असते आणि साध्या पेटीवर ते काम बोटांना करावे लागते. पुरुष गायक बहुधा पेटीची काळी एक किंवा दोन पट्टी षड्ज (सा) मानून गातात, स्त्रिया काळी चार किंवा पांढरी पाचच्या आसपास. या साऱ्या पट्ट्यांत यमन आणि भूप हे राग सारख्याच सहजतेने वाजले पाहिजेत. पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येतो अशी स्केल चेंजर पेटी मिळते, पण शिकण्याच्या काळात तिचा आधार घेऊ नये, असे मी सांगेन.

खरी अडचण पुढेच आहे. चित्रपटगीतात कोणता तुकडा कुठे वाजायचा ते आधीच ठरलेले असते. ख्यालात गायक पुढच्या क्षणी कुठे वळणार हे साथीदाराला ठाऊक नसते, आणि ऑर्केस्ट्रातून आलेला मुलगा नेमका तिथे घाई करतो. गायकाच्या आधी सूर देतो किंवा प्रत्येक जागा भरून काढतो. दरबारी कानडा राग घ्या. त्यातला आंदोलित, म्हणजे हळुवार झुलता, कोमल गंधार पेटीच्या पट्टीवर सापडतच नाही. गायक त्या गंधारावर झुलत असताना पेटीवाल्याने आपला गंधार दाबून धरला, तर एकाच घरात दोन घड्याळे वेगवेगळी वेळ सांगत असल्यासारखे होते. अशा वेळी भाता हलका करून षड्जावर थांबावे, नाहीतर हात सरळ उचलावा. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, तिच्यामागे पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही हाच एक प्रमुख आक्षेप होता. बंदी मला अन्यायाची वाटते, आक्षेप मात्र खोटा नव्हता.

मुलाने पहिली पायरी म्हणून एखाद्या तबलावर्गात लेहरा, म्हणजे तबल्याला तालाचे आवर्तन दाखवणारी तीच ती धून, धरायला जावे. तीनतालाचा लेहरा लय न हलवता दीर्घकाळ धरण्यासारखा दुसरा रियाज नाही, आणि तबल्याच्या गुरुजींना लेहरेवाला नेहमी हवाच असतो. ऑर्केस्ट्रा मात्र सोडू नये. साथीच्या मानधनावर इथे घर चालत नाही.

प्रश्न : बालगंधर्वांचा जळगावशी खरोखर संबंध होता का, की महोत्सवाला नुसते त्यांचे नाव दिले आहे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : संबंध होता. बालगंधर्व, म्हणजे संगीत नाटकांतले गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७), लहानपणी काही काळ जळगावात होते आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. पुढे १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. आम्हा वादकांना त्यांची आठवण वेगळ्या कारणासाठी राहते : त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. साथीदार कसा निवडावा हे त्या नटाला पुरते कळत होते.

प्रश्न : आमच्या मंडळाला दरमहा छोटी बैठक सुरू करायची आहे. गेल्या उन्हाळ्यात एकदा प्रयत्न केला तेव्हा तबला सारखा सुरातून जात होता. काय काळजी घ्यावी?
— एक रसिक, धुळे

उत्तर : दोष बहुधा तबलजीचा नसून कूलरचा असावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या कोरड्या उष्णतेत पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, ताणली जाते आणि तबला चढतो. वादक वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवून, पुडीच्या विणलेल्या कडेवर, म्हणजे गजऱ्यावर, हातोडी ठोकून तो सुरात आणतो. मग यजमान आदराने कूलर कलावंतांकडे वळवतात, ओली हवा थेट पुडीवर येते आणि बडा ख्याल रंगात येतो न येतो तोच तबला उतरू लागतो. कूलर श्रोत्यांच्या बाजूला ठेवा. त्याच्या घरघरीत तानपुराही ऐकू येत नाही, म्हणून जमल्यास गायन सुरू होताच तो बंद करा. तबला गाडीच्या डिकीत तापू देऊ नये, कार्यक्रमाच्या तासभर आधी तो त्याच खोलीत आणून ठेवावा, आणि शक्य असल्यास दुसरा तबला हाताशी असावा.

लहान खोलीत माइक लावूच नका. तानपुऱ्याचे यंत्र चालेल, पण गावात खरा तानपुरा असेल तर तो एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती द्या, तिचेही शिक्षण होईल.

मानधनाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. गायकाला पाकीट आणि तबलजी ‘आपलाच माणूस’ म्हणून त्याला शाल-नारळ, ही पद्धत बंद करा. रक्कम लहान असली तरी ती आधी सांगा आणि त्याच रात्री द्या. तसेच बैठकीची तारीख लग्नाच्या तिथी पाहून ठरवा, कारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास धुळे-जळगाव पट्ट्यात मोकळा तबलजी मिळणे फार कठीण असते.