कंट्री संगीतात असा कोण गायक-गीतकार आहे, ज्याचं आयुष्य आणि गाणी दोन्ही थक्क करतात?

लोरेटा लिन.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं हे लोकप्रिय संगीत, म्हणजे टोपी, ट्रक, दारू आणि सोडून गेलेली बायको, याच्यापुढे तुम्हाला काही सापडलं नाही, तेव्हा एकच नाव सांगा, तेच का आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची, हेही सांगा. जॉनी कॅश, विली नेल्सन, डॉली पार्टन ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल, आणि ती मोठीच माणसं आहेत. पण त्या सोडून गेलेल्या बायकोचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे ऐकायचं असेल तर लोरेटाकडेच जावं लागतं. तिच्याइतक्या खणखणीत आवाजात ते दुसऱ्या कुणी मांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जन्म १४ एप्रिल १९३२ चा, केंटकी राज्यातल्या बुचर हॉलो या वस्तीतला. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या घळीत थोडी घरं, जवळचं गाव व्हॅन लिअर, आणि ते गाव कोळशाच्या खाणीवर जगणारं. वडील टेड वेब खाणकामगार. आठ भावंडं, त्यांत ही दुसरी. लाकडी घराच्या भिंतींना आईने वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पानं चिकटवलेली. त्यातल्या लोरेटा यंग या नटीवरून मुलीचं नाव ठेवलं. शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा मंचावरून थेट प्रसारित होणारा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. घरातली करमणूक तेवढीच.

जानेवारी १९४८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिचं ऑलिव्हर लिनशी लग्न झालं. त्याला सगळे डूलिटल म्हणत, ती नुसतं डू म्हणायची. (पुढे कित्येक वर्षं ती लग्नाचं वय तेरा सांगत राहिली. २०१२ मध्ये जुनी कागदपत्रं समोर आली तेव्हा खरं वय कळलं. माझ्या मते पंधरा ऐकूनही पोटात तेवढंच कालवतं.) लग्नानंतर वर्षभरातच, पोटात पहिलं मूल असताना, माहेर सोडून ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी गेली. विशीपर्यंत चार मुलं झाली होती. घरात ती गुणगुणायची ते डूच्या कानावर पडायचं, आणि हिच्या गळ्यात काहीतरी आहे हे पहिल्यांदा त्याला जाणवलं. त्याने तिला १७ डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. शिकवायला कुणी नव्हतं. ती स्वतःच वाजवायला शिकली, मग स्वतःच गाणी रचायला लागली.

१९६० मध्ये ‘आय अ‍ॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल’ ही तिची पहिली रेकॉर्ड झिरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने काढली. कंपनीकडे जाहिरातीला पैसा नव्हता. मग नवरा-बायको गाडीत रेकॉर्डी भरून निघाले. वाटेत रेडिओ केंद्र आलं की गाडी थांबवायची, आत जायचं आणि गाणं लावण्यासाठी निवेदकाला गळ घालायची. जेवण म्हणजे गाडीतच खाल्लेलं सँडविच. ते गाणं लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या कंट्री यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच वर्षी लोरेटा ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली. बुचर हॉलोत रेडिओला कान लावून ऐकायची, तोच हा मंच.

इथवरची गोष्ट कुणाही यशस्वी माणसाच्या चरित्रात थोड्याफार फरकाने सापडेल. मला लोरेटा थोर वाटते ती गाण्यांमुळे, आणि त्यात एक गोष्ट मला वारंवार जाणवते. तिची उत्तम गाणी कुणाविषयी नसतात, ती कुणालातरी उद्देशून असतात. समोर एक माणूस उभा आहे आणि ही त्याला तोंडावर सुनावते आहे. दुःख मांडण्यासाठी आभाळाला, चंद्राला, नशिबाला हाक मारणारी गाणी सगळीकडे असतात. लोरेटा थेट ज्याचा त्याचा दरवाजा ठोठावते.

‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’’ घ्या. बहीण पेगी स्यूबरोबर लिहिलेलं हे गाणं १९६७ मध्ये कंट्री यादीत पहिलं आलं, आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं तिचं हे पहिलंच गाणं. नवरा रात्री पिऊन येतो आणि वर प्रेमाची अपेक्षा धरतो. ही सांगते, एक काय ते निवड, दारू नाहीतर मी. चाल इतकी हसरी की पाय ठेका धरतात. १९६६-६७ सालच्या नॅशव्हिलमध्ये बायकोने पलंगावरचा नकार गाण्यात उच्चारावा, तोही रडून नव्हे, कमरेवर हात ठेवून, याची कल्पना करून बघा.

‘यू एन्ट वुमन इनफ’ची जन्मकथा ती स्वतः सांगायची. कार्यक्रमाआधी एक बाई तिला मंचामागे भेटायला आली आणि रडत म्हणाली, माझा नवरा आज मला घेऊन आलेला नाही, दुसरीला घेऊन आलाय, ती बघा तिथे बसलीय. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला नीट न्याहाळलं आणि या बाईला म्हणाली, अगं, तुझा नवरा पळवायला ती पुरी पडायची नाही. मग आत जाऊन तिने गाणं लिहून काढलं. प्रेक्षकातली अनोळखी बाई गाऱ्हाणं घेऊन येते आणि तिच्याच वतीने भांडण गाण्यात उतरतं. ‘फिस्ट सिटी’ मात्र तिचं घरचं भांडण. ती दौऱ्यावर असताना गावातली एक बाई डूच्या मागे लागली होती. ‘माझ्या नवऱ्यापासून लांब राहा, नाहीतर झिंज्या धरून लोळवीन’ हा त्या गाण्याचा मथितार्थ, आणि त्यातही नवरा काही संत नाही हे ती त्याच दमात कबूल करते. हे गाणंसुद्धा पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणि ‘डिअर अंकल सॅम’, १९६६. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. बायको थेट सरकारला पत्र लिहिते आहे: तुमच्या मागे खूप कामं आहेत ठाऊक आहे, तुम्हाला माझा माणूस हवाय, पण मला तो तुमच्यापेक्षा जास्त हवाय. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. देशावर तिचं प्रेम आहे हेही ती सांगते. शेवटी नवरा गेल्याची तार येते. युद्धावर त्या काळात पुष्कळ गाणी झाली. मला विचाराल तर हे साधं पत्र त्यांतल्या बहुतेकांपेक्षा खोल लागतं, कारण ते लिहिणारी बाई युद्धाबद्दल मत देत बसत नाही. तिला घरातला एक माणूस परत हवा आहे.

आता ‘कोल मायनर्स डॉटर’. १९७० मध्ये आलेलं, तिचं सर्वांत प्रसिद्ध आणि तिने एकटीने लिहिलेलं गाणं. हे मात्र कुणाला सुनावणारं नाही. ही नुसती आठवणींची जंत्री आहे, पण प्रत्येक आठवण हाताला लागते. रात्रभर खाणीत कोळसा उपसून सकाळी परतणारे वडील. दिव्याच्या उजेडात बायबल वाचणारी आई. कपडे धुण्याच्या पत्र्यावर घासून घासून तिच्या बोटांतून आलेलं रक्त. आणि माझी सगळ्यात आवडती ओळ: उन्हाळ्यात पायात जोडे नसायचे, पण हिवाळ्यात सगळ्यांना नवे कोरे मिळायचे, टपालाने मागवलेले, डुक्कर विकून आलेल्या पैशातून. ही ओळ मी आईला समजावून सांगितली तेव्हा ती लगेच म्हणाली, आमच्याकडे शेळी विकली की वह्या-पुस्तकं यायची. तिला इंग्रजी गाणी कळत नाहीत, पण या ओळीला माझ्या खुलाशाची गरजच पडली नाही. गरिबीवर लिहिताना माणसं बहुधा हळहळ लिहितात. लोरेटा हिशेब लिहिते: काय विकलं, त्यातून काय आलं.

या गाण्याची कडवी मुळात बरीच जास्त होती. निर्माता ओवेन ब्रॅडली म्हणाला, इतकं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, काप. तिने कापली आणि ती कडवी पुढे हरवली. याची चुटपुट तिला कायम राहिली. ब्रॅडलीचं गणित धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. तरी ती गेलेली कडवी कधीतरी ऐकायला मिळायला हवी होती असं मलाही वाटत राहतं.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सन्मान तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. आणि मग १९७५ मध्ये आलं ‘द पिल’, संततिनियमनाच्या गोळ्यांवरचं गाणं. ते लिहिलं इतरांनी, पण गाऊन अंगावर घेतलं हिने. दरवर्षी बाळंतपण करून पिचलेली बायको नवऱ्याला सांगते की आता गोळी आली आहे, तुझी सद्दी संपली. रेकॉर्ड करून गाणं दोनेक वर्षं पडून होतं. बाहेर आल्यावर कित्येक रेडिओ केंद्रांनी लावायला नकार दिला, तरी कंट्री यादीत ते पाचवं आलं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर आपल्याला सांगतात की सरकारी माहितीपत्रकांनी झालं नाही ते काम या गाण्याने केलं, असं ती मुलाखतीत म्हणाली होती. सहा मुलांची आई हे गात होती, त्यामुळे ‘हिला काय कळतंय’ असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. घटस्फोटित बाईकडे समाज कसा बघतो यावरचं ‘रेटेड एक्स’ तिने स्वतः लिहिलेलं आहे, तेही जरूर ऐका.

डूबद्दल न लिहिता पुढे जाणं बरोबर होणार नाही. तो प्यायचा, बाहेरख्याली होता, दोघांची हाणामारी व्हायची. तिने हे कधी लपवलं नाही. त्याने एक मारली तर आपण दोन दिल्या, असं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याच वेळी, डू नसता तर आपण गायलोच नसतो, हेही ती शेवटपर्यंत सांगत राहिली. १९९६ मध्ये तो गेला, तोवर लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. अखेरच्या आजारपणात तिने काम बाजूला ठेवून त्याची शुश्रूषा केली. हे नातं आदर्श म्हणून कुणापुढे ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही. पण तिने ते गोडही केलं नाही आणि त्याचा खटलाही चालवला नाही. दोन्ही बाजू ती एकाच गाण्यात सामावून घेऊ शकली, आणि म्हणूनच तिची नवराबायकोची गाणी पन्नास वर्षांनीही शिळी वाटत नाहीत.

तिच्या आयुष्यावरचा, गाण्याच्याच नावाचा चित्रपट १९८० मध्ये आला. लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकने सगळी गाणी स्वतः गायली आणि ऑस्कर मिळवलं. चित्रपट चांगलाच आहे, पण तो बघून थांबू नका, कारण त्यानंतर लोरेटा चाळीस वर्षं गात होती. २००४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रॉक संगीतातल्या जॅक व्हाइटला निर्माता म्हणून घेऊन तिने ‘व्हॅन लिअर रोझ’ हा अल्बम केला. त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या. त्यातल्या ‘फॅमिली ट्री’मध्ये पुन्हा तीच दरवाजातली बाई आहे, पण आता वेगळी. ती नवऱ्याच्या मैत्रिणीच्या दारात मुलांना घेऊन उभी आहे, सोबत म्हातारा कुत्रा चार्ली आणि थकलेली बिलं. म्हणते, मी भांडायला आलेली नाही. मुलांना त्यांचा बाप बघायचाय, तेवढा त्याला बाहेर पाठव. ‘फिस्ट सिटी’तल्या झिंज्या धरणाऱ्या बाईला इथे हातसुद्धा उचलावासा वाटत नाही. त्याच अल्बममधलं ‘मिस बीइंग मिसेस’ डू गेल्यानंतरचं. लग्नाची अंगठी एका हातातून काढून दुसऱ्या हातात घातली, एवढंच त्यात घडतं. मागे जवळजवळ नुसती गिटार आहे.

२०१३ मध्ये तिला अमेरिकेचं ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी २०२१ मध्ये तिचा पन्नासावा अल्बम निघाला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या राहत्या घरी, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

सुरुवात कुठून करायची हे तुम्ही विचारलंच आहे. आधी ‘कोल मायनर्स डॉटर’ ऐका, शब्द समोर ठेवून. तिचा आवाज सुरुवातीला थोडा नाकातला वाटेल आणि डोंगरी उच्चारांमुळे काही शब्द निसटतील. दोन-तीनदा ऐकलं की ते उच्चारच आवडायला लागतात. मग ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’’, ‘यू एन्ट वुमन इनफ’ आणि ‘फिस्ट सिटी’ लागोपाठ, मध्ये दम न घेता. मागे रडवेली स्टील गिटार वाजत असते तिच्याकडेही कान असू द्या. ‘डिअर अंकल सॅम’ एकट्याने ऐका. ‘व्हॅन लिअर रोझ’ मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. नवीन आणि दणदणीत आहे म्हणून पुष्कळजण तोच आधी ऐकायला सांगतात, पण तरुणपणीची भांडणं कानात असल्याशिवाय त्यातली बहात्तरीची बाई पुरती कळत नाही.