वाचकांचे प्रश्न : फ्लॅटमधील सायकल ट्रेनर आणि खालच्या मजल्यावरची घरघर

प्रश्न : आम्ही बडोद्यात कारेलीबागेतील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात सकाळी बाहेर सायकल चालवणे जवळजवळ बंदच पडते, म्हणून मी मागचे चाक रोलरवर टेकवून चालवायचा ट्रेनर आणला असून पहाटे पाचपासून तासभर त्यावर सराव करतो. खालच्या काकू तक्रार करतात की त्यांच्या छतातून सतत घरघर ऐकू येते. माझ्या खोलीत मात्र पंख्याहून मोठा आवाज होत नाही. ट्रेनरखाली योगा मॅट घालून पाहिली, पण फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : काकू वाढवून सांगत आहेत असे मानू नये. आपल्याला ऐकू येतो तो टायरचा आणि चेनचा हवेतून येणारा आवाज, आणि तो स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. खाली पोहोचते ती ट्रेनरच्या पायांतून फरशीत उतरणारी थरथर. ती स्लॅबमधून पसरते, खालचे छत तिच्यासह कंप पावते आणि त्यांच्या खोलीत तिचा पुन्हा आवाज होतो. म्हणून खिडक्या बंद केल्याने किंवा जाड पडदे लावल्याने आपली खोली शांत होईल, काकूंची होणार नाही.

ही थरथर कोठून येते हे साध्या हिशेबाने कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाला, सुमारे २.१ मीटर परिघाचे चाक सेकंदाला चार वेळा फिरते. पण त्याला टेकलेला ६ सेंटिमीटर व्यासाचा रोलर त्याच वेळात सुमारे ४४ फेरे घेतो. रोलर किंवा त्याला जोडलेले फ्लायव्हील (फिरण्याची गती एकसारखी राखणारे जड चाक) किंचितही असमतोल असेल, तर जमिनीला सेकंदाला तितकेच धक्के बसतात, आणि घरघर म्हणतात ती बहुधा हीच. पेडलिंगचा ठेका याहून फार मंद असतो : मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत दोन्ही पायांचे मिळून सेकंदाला तीनच दाब पडतात.

तेव्हा काहीही विकत घेण्यापूर्वी काकूंच्या परवानगीने घरातील कोणाला तरी खाली उभे करावे आणि फोन चालू ठेवून गिअर बदलत सायकल चालवावी. वेगाबरोबर आवाजाची पट्टी वरखाली झाली, तर दोष चाकाचा किंवा रोलरचा. पेडलच्या तालावर धपधप ऐकू आली, तर ट्रेनरचा एखादा पाय फरशीवर नीट टेकलेला नाही किंवा चौकट डुलते आहे. पेडल थांबवून चाक नुसते फिरू दिले आणि तरीही घरघर राहिली, तर चेनला तेल घालून ती जाणार नाही. ही तपासणी फुकट होते, आणि आपण तक्रार मनावर घेतली आहे हेही काकूंना दिसते.

दोष चाकाचा निघाल्यास आधी टायर पाहावा. खोल नक्षीचा टायर रोलरवर प्रत्येक गाठीगणिक आपटतो, म्हणून गुळगुळीत टायर घालावा, त्यात पुरेशी हवा भरावी आणि रोलरचा दाब चाक घसरणार नाही इतकाच ठेवावा.

योगा मॅट निरुपयोगी ठरली यात नवल नाही. ट्रेनरच्या लहान पायांखाली सगळे वजन एकवटते, मॅट तेवढ्या जागी चेपून घट्ट होते आणि थरथर पलीकडे जाऊ देते. त्याऐवजी जिममध्ये अंथरतात तशा जाड रबरी लाद्या खाली, त्यांवर १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणि त्यावर पुढच्या चाकाच्या आधारासह संपूर्ण ट्रेनर, अशी रचना करावी. फळी भिंतीला कोठेही टेकू देऊ नये, कारण टेकली की थरथरीला दुसरी वाट मिळते. फळी जड असलेली बरी : रबर तेच ठेवून वरचे वजन वाढवले, की रचनेची स्वतःची कंपनसंख्या (धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला जितक्या वेळा हलते ती संख्या) उतरते आणि रोलरची थरथर अधिक अडते.

मात्र रबराऐवजी मऊ स्पंज घालण्याच्या मोहात पडू नये. अशी कोणतीही बैठक तिच्या स्वतःच्या कंपनसंख्येच्या सुमारे १.४ पटींहून वेगवान धक्केच रोखते. त्याखालचे धक्के ती अडवत नाही, उलट स्वतःच्या संख्येजवळ आले तर वाढवते. फार मऊ बैठक पेडलच्या मंद ठेक्याशी जुळली, तर घरघर थांबून झोके सुरू होतील, आणि उभे राहून पेडल मारताना तोल जाण्याची भीती वेगळीच.

जागाही बदलून पाहावी. स्लॅब मध्यभागी सर्वाधिक लवतो, म्हणून ट्रेनर कोपऱ्यात, खांबाजवळ किंवा तुळईवर ठेवावा, आणि खाली कोणाची झोपण्याची खोली येत नाही ना, हे पाहावे. राहता राहिली वेळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागासाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. हे आकडे परिसरातील आवाजाचे असल्याने छतातील घरघर त्यांनी मोजण्यात अर्थ नाही. तरीही पाचचा सराव सहानंतर नेणे हा या सर्वांत बिनखर्चाचा उपाय आहे, आणि माझ्या मते तो आजच करावा.

प्रश्न : मागचे चाक काढून चेन थेट जोडायचा ट्रेनर घेतला, तर आवाज पूर्णपणे जाईल का? (मांजलपूर, बडोदे)

उत्तर : टायरचा आवाज पूर्ण जाईल, आणि तोच सहसा सर्वांत मोठा असतो. चेनचा आवाज राहील. ती स्वच्छ करून तेल घातलेली असावी आणि गिअर नीट लावलेले असावेत. ट्रेनर ठरावीक ताकदीवर स्वतः रोध जुळवणारा असेल, तर पुढची लहान चकती वापरावी. श्रम तेवढेच होतात, पण फ्लायव्हील सावकाश फिरते. रबर आणि प्लायवूडची बैठक याही ट्रेनरखाली घालावी. एवढे केल्यावर बडोद्याच्या उकाड्यात समोर लावलेला टेबल फॅनच बहुधा ट्रेनरहून मोठा वाजेल. तोही फळीवर ठेवू नये आणि भिंतीला टेकवू नये.