फीट आली की आधी घड्याळ बघा

ताई, लेकराला पहिल्यांदा फीट आली की पायाखालची जमीन सरकते, मला ठाऊक आहे. माझा लेक तीन वर्षांचा होता. बेळगावजवळच्या खानापूरच्या घरात शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चमचा घेऊन दातांत घालायला धावलं. यातलं काहीच करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा, गळ्याचं बटण सोडा आणि घड्याळ बघा. तोंडात पाणीसुद्धा नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता परत आली, तर थेट दवाखाना. कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. मान दर वेळी डावीकडेच वळत होती, हे आम्हाला डॉक्टरांनी व्हिडिओ बघून दाखवलं.

फीटचं औषध परस्पर बंद करायचं नाही. एकदा धो धो पावसात बाटली संपली, आम्ही दोन दिवस थांबलो. तिसऱ्या पहाटे फीट आली. तेव्हापासून पंधरा दिवसांचं औषध घरात जास्तीचं असतं. सिरप घरच्या चमच्यानं नको, सिरिंजनं मोजा.

शाळेत लपवू नका. बाई कन्नड असतील तर काय करायचं ते कन्नडमध्येच लिहून द्या. विहिरीवर, तळ्यावर एकट्याला सोडू नका, बाकी पोराला खेळू द्या.

आणि देवाला जायचं तर खुशाल जा. सौंदत्तीच्या यल्लम्माला आम्हीही गेलो, औषधाची बाटली पिशवीत घेऊन.