पंधरा वर्षं बँकेत काढल्यावर पुन्हा वकिली सुरू करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २००७ ची वकिलीची सनद, तीन वर्षं सांगलीत सिनिअरकडे, मग पंधरा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात. आता राजीनामा देऊन पुन्हा काळा कोट घालायचाय, या वयात जमेल का?

जमेल. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागातून असाच साताऱ्याच्या कोर्टात परत आलो, तेव्हा ऐकीव सांगत नाही. तुम्हाला धास्ती आहे ती बदललेल्या कायद्यांची आणि वयाची. माझ्या मते त्या दोन्ही त्यातल्या त्यात सोप्या बाजू. अवघड जातं ते वेगळंच, त्याकडे येतो.

आधी सनद. नोकरीला लागताना ती सस्पेंड केली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पहिला प्रश्न तोच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम ४९ आहे: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. तुम्ही तसं कळवून मूळ सनद जमा केली असेल, तर आता फक्त परत मागायची. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सचिवांच्या नावे अर्ज, सोबत ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ए खालची कुठलीही अपात्रता मधल्या काळात आली नाही असं प्रतिज्ञापत्र. एनरोलमेंट कमिटीचा आदेश झाला की सनद शेरा मारून हातात येते. कळवलंच नसेल तर घाबरू नका, पण लपवूही नका. राजीनाम्याआधी मुंबईला कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन सरळ सांगा आणि पुढे काय करायचं ते लेखी घ्या. रिलिव्हिंग लेटर जपून ठेवा. आणि आदेश हातात पडेपर्यंत मित्राच्या चेक न वटल्याच्या केसमध्येसुद्धा वकालतपत्रावर सही करू नका.

ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे प्रॅक्टिससाठीची पात्रता परीक्षा, २००९-१० आणि त्यानंतर पदवी घेतलेल्यांसाठी आहे, म्हणजे तुम्ही मूळ नियमात बसत नाही. मात्र २०२३ च्या घटनापीठाच्या निकालात मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांनी ही परीक्षा पुन्हा द्यावी अशा सूचनेचा विचार झालेला आहे, म्हणून अर्ज करतानाच हेही विचारून घ्या. वयाचं म्हणाल तर पंचेचाळिशीनंतर नव्याने सनदच द्यायची नाही असा एक नियम बार कौन्सिलने केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला. तुमची सनद तर आधीचीच आहे.

आता कायदे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (दंड संहिता), सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. बार रूममध्ये यावरून रोज गंमत चालते. जुना वकील विचारतो, "४८२ टाकलंय का?" त्याच्या डोक्यात हायकोर्टात गुन्हा रद्द करून घ्यायचा अर्ज. शेजारची नवी ज्युनिअर समजते अटकपूर्व जामीन, कारण नव्या संहितेत ४८२ म्हणजे तेच. रद्द करण्याचं कलम ५२८ वर गेलंय. पण १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनंच आयपीसी लागू आहे, आणि आपल्या कोर्टांतल्या फायलींचं वय बघता तुमचं जुनं पाठांतर अजून बरीच वर्षं कामाला येईल. दिवाणी बाजूला तर पायाच तोच: दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), निशाणी ५ (तात्पुरत्या मनाईचा अर्ज), मुद्दे, सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या जबानीचं) प्रतिज्ञापत्र. बदल म्हणजे कमर्शियल दाव्यात तातडीची दाद मागायची नसेल तर आधी मीडिएशनला जावंच लागतं, आणि तारीख बघायला शिरस्तेदाराला गाठायच्या ऐवजी केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून मोबाइलवर बघता येते.

पुस्तक वाचून हे सगळं येतं. येत नाही तो कोर्टातला वावर. कुठल्या साहेबांपुढे लेखी युक्तिवाद चालतो, मुदत अर्ज कधी रेटायचा आणि कधी मुकाट्याने उलटतपास सुरू करायचा, हे बसूनच कळतं. म्हणून पहिले काही महिने काम असो नसो, एका कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि दुसऱ्यांचे उलटतपास ऐका. आणि सिनिअर धरा. इथे मान आडवा येतो. बँकेत तुमच्या सहीने लाखांची कर्जं मंजूर झाली असतील. कोर्टात तुमचा सिनिअर कदाचित तुमच्याहून आठ वर्षांनी लहान असेल, आणि तो तुम्हाला नकलेचा अर्ज टाकायला पाठवेल. जा. माझे सिनिअर माझ्यापेक्षा लहानच आहेत. पहिल्या दिवशी त्यांना "सर" म्हणताना जीभ अडखळली, नंतर दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

पैशांचं स्पष्ट बोलू. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती! जिल्ह्याच्या ठिकाणी ती किती पाळली जाते ते तुम्हाला सांगायला नको. घराचा हप्ता चालू असेल तर तो आधी फेडा किंवा दोन वर्षांचा घरखर्च बाजूला काढा, मगच राजीनामा द्या. बायको-मुलांशी हे बोलणं आकड्यांत व्हावं, स्वप्नांत नको. नोटरीच्या भरवशावरही राहू नका, खुल्या प्रवर्गातल्या पुरुष वकिलाला त्यासाठी दहा वर्षांची प्रॅक्टिस लागते.

आता तुमच्या जमेची बाजू. परत येणारे बहुतेक जण आधीची नोकरी गाळलेली वर्षं असल्यासारखी लपवतात. मी उलट केलं, विम्याचे नाकारलेले क्लेम घेतले आणि माझी ओळख त्यातूनच झाली. तुमच्याकडे तर बँक आहे. सरफेसीची (थकीत कर्जासाठी तारण जप्त करायच्या कायद्याखालची) नोटीस घेऊन घाबरलेला कर्जदार वकिलाकडे येतो तेव्हा बहुतेक वकील नोटीस वाचतात. तुम्ही खातेउतारा वाचाल. खातं नेमकं कुठल्या तारखेला एनपीए (थकीत, बुडीत) झालं, ९० दिवस खरंच भरले का, हप्ता आधी व्याजात वळवला की मुद्दलात, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावलंय का. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड व्याजाच्या रूपात लावता येत नाही, शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. असा उतारा हातात धरून बँकेच्या साक्षीदाराला विचारलेले चार प्रश्न मोठमोठ्या निवाड्यांपेक्षा जास्त काम करतात. कर्जदाराला बँकेच्या कारवाईविरुद्ध डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला ४५ दिवस असतात आणि निम्मे दिवस तो मॅनेजरच्या केबिनबाहेर बसण्यात घालवतो, हे तुम्ही काचेच्या आतून पाहिलेलंच आहे. शिवाय चेकच्या केसेस, पतसंस्थांची वसुली, जामीनदारांचे वाद हे आहेच. फक्त स्वतःच्या टेबलावरून गेलेल्या खात्याची केस घेऊ नका, कुठल्याच बाजूने. पक्षकार ओळखीचा असेल तर जास्तच नको.

कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सांगली येते. जिल्हा कोर्टातले चांगले सिनिअर आता आठवड्यातले काही दिवस तिकडे असतात आणि इथल्या तारखा सांभाळायला त्यांना पोक्त, वेळेवर येणारा माणूस हवा असतो. नुकत्याच पास झालेल्या मुलापेक्षा तुम्ही त्यात सरस ठराल. तेव्हा आधी अशा एखाद्या सिनिअरशी बोलून घ्या, मग बँकेला नोटीस द्या. ऑफिस मात्र लगेच भाड्याने घेऊ नका, पहिलं वर्ष सिनिअरच्या ऑफिसातली एक खुर्ची पुरते.