सांगली ते लंडन: विमानाचे दहा तास आणि बाकीचे

तुमचा प्रश्न असा: जानेवारीत नोकरीसाठी लंडनला निघायचंय, सोबत बायको आणि दोन वर्षांची होत आलेली मुलगी. मुंबईहून अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि थेट जावं की दुबईमार्गे? मी सांगलीच्या विश्रामबागची, आता लंडनकर, त्यामुळे हिशेब सांगलीपासूनच मांडते.

मुंबई ते लंडनचं हीथ्रो विमानतळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं, म्हणजे आठ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र दहाच्या आसपास दिसतात. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, जाताना ते तोंडावर येतात. येताना तेच पाठीशी, म्हणून तासभर तरी वाचतो. शिवाय 7,200 हा आकडा पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचा. ती रेघ बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र करत युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना वाट बंद केली. मग वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. दुपारी दीडला निघून संध्याकाळी सहाला पोहोच, हे वाचून आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "साडेचार तासांत लंडन? मग एसटीपेक्षा बरं की!" लंडनचं घड्याळ भारताच्या मागे असतं: हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार.

आता दुबई. मुंबई-दुबई सुमारे 1,900 आणि पुढे 5,500, म्हणजे थेट अंतराहून जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. वेळ खातो तो मधला थांबा. तीन तासांचा थांबा धरला तरी साडेतेरा-चौदा तास होतात, आणि झोपलेलं पोर उठवून पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. एकटे असता तर दुबई घ्या म्हटलं असतं. तुम्ही थेटच घ्या. प्रवासाच्या दिवशी मुलीला दोन पूर्ण झाली असतील तर तिची वेगळी सीट काढावी लागते, तेवढं तारीख ठरवताना बघा. आणि दुबईमार्गेच जायचं ठरलं, तर दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी हात वर करते.

खरा त्रास मुंबईपर्यंतच्या रस्त्याचा, सांगलीहून निघून पेठ नाक्याला हायवे लागला की तो सुरू होतो. कराड, सातारा, खंबाटकी, पुणं, एक्सप्रेसवे असं जवळपास चारशे किलोमीटर. सात-आठ तास म्हणायचं, पण हायवेला कुठे ना कुठे काम चालूच असतं. दुपारचं विमान असेल तर आदल्या दिवशीच निघा आणि पनवेल किंवा अंधेरीला मुक्काम करा. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत सोडते खरी, पण सहा बॅगा आणि पोर घेऊन दादरला उतरणं मला तरी जमणार नाही. तीन तास आधी पोहोचा, चेक-इनचे काउंटर उड्डाणाच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतात. ड्रायव्हरला "सहार, टर्मिनल दोन" असं स्पष्ट सांगा, आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय. दारापासून दारापर्यंत, मुक्काम सोडून, चोवीस तास धरा.

बॅगेत भडंग खुशाल टाका. साताऱ्याला गाडी थांबवून कंदी पेढे मात्र घेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ इकडे आणायला बंदी आहे.