भाकिताची मुदत

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. केऑसचा, म्हणजे नियम पक्के असूनही सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचे सारे बदलून जाण्याचा, विषय निघाला की, ‘नियम ठाऊक असूनही पुढचे सांगता येत नसेल, तर न्यूटनचे नियम शिकायचे कशाला?’ असे विद्यार्थी विचारतात. फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने दूरवर वादळ उठू शकते, या नेहमीच्या दाखल्याने त्यांचे समाधान होत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : फुलपाखरू तूर्त बाजूला ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, त्याने विद्यार्थी चकित होतात, पण चूक कशी वाढत जाते ते त्यांना दिसत नाही. त्याऐवजी सर्वांना कॅल्क्युलेटर काढायला सांगा. ० आणि १ यांच्यामधली एक संख्या घ्यायची, ती १ मधून वजा करून येणाऱ्या बाकीने तिला गुणायचे, त्या गुणाकाराची चौपट करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करायची. अर्ध्या वर्गाने ०.३ पासून, उरलेल्यांनी ०.३०१ पासून सुरुवात करावी. पहिल्या पायरीला ०.८४० आणि ०.८४२ अशी जवळजवळ सारखी उत्तरे येतात; दहाव्या पायरीला मात्र एकीकडे ०.०४ आणि दुसरीकडे ०.६२! यात नशिबाचा भाग कुठेच नाही. ०.३ घेणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत तेच आकडे असतात, कारण पुढचा प्रत्येक आकडा नियमच ठरवतो, आणि ‘नियम कशाला’ याचे उत्तर तिथेच मिळते.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांची १९६१ मधली हकिकत यानंतर सांगावी. संगणकावर हवामानाचे जुने गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला, आणि कॉफी पिऊन तासाभराने येऊन पाहतात तो हवामान पार वेगळे झालेले. हाताने दहा पायऱ्या केलेल्या मुलांना ही गोष्ट लगेच उमगते.

खरा कस पुढे आहे. आपल्या उदाहरणात चूक दर पायरीला सरासरीने दुप्पट होते. त्यामुळे सुरुवातीचा आकडा दहापट अचूक घेतला, तरी भाकिताची मुदत, म्हणजे भाकीत जिथपर्यंत भरवशाचे राहते तो टप्पा, जेमतेम तीन पायऱ्यांनी वाढते. ही मुदत प्रत्येक व्यवस्थेची निराळी असते : दुहेरी लंबक (एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा लंबक) मोठ्या झोक्याने सोडला तर काही सेकंद, हवामानाला साधारण दोन आठवडे, आणि बुध ते मंगळ या सूर्याजवळच्या ग्रहांना कोट्यवधी वर्षे. म्हणूनच ग्रहणांची पंचांगे निर्धास्तपणे छापता येतात.

म्हणून पुढच्या तासाला ०.३ आणि ०.३००१ घेण्याआधी, या वेळी फारकत कितव्या पायरीला होईल, हा अंदाज प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या आणि मगच कॅल्क्युलेटर हातात द्या.