श्रीमंत मालक आणि घरात राहणारा नोकर यांच्यावर विनोदी एकांकिका लिहिताना खटके कसे रचावेत?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या तुमच्या मंडळात गणेशोत्सवात करायला 25 मिनिटांची एकांकिका लिहिली आहे. बंगल्याचा मालक आणि मागच्या खोलीत राहणारा नोकर यांची दिवसभर जुंपते, पण वाचनाला कुणी हसत नाही. तुम्ही दिलेल्या दोन्ही प्रसंगांत मालक ओरडतो आणि नोकर उलट बोलतो. गाडी तिथेच अडली आहे. उलट उत्तराला एकदा हशा मिळतो. दुसऱ्यांदा प्रेक्षकाच्या मनात येतं की हा मालक याला काढून का टाकत नाही, आणि हा सोडून का जात नाही? याची उत्तरं पहिल्या 3 मिनिटांत मिळायला हवीत.

ती संवादात सांगू नका, करून दाखवा. मालकाला चहा करायचाय, पण स्वतःच्याच स्वयंपाकघरात चहाची भुकटी कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. तो डबे उघडतो, हळद निघते, रवा निघतो, शेवटी जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, निघतं. इंदूरचा प्रेक्षक जिरावण वासानेच ओळखेल, त्यामुळे नटाने नुसतं हुंगून शिंकलं तरी पुरे. नोकराची बाजू दाखवायला जिन्याखाली पत्र्याची ट्रंक आणि वळकटी ठेवा. घरात राहणाऱ्या नोकराचं काम गेलं की त्याच रात्री झोपायची जागाही जाते, आणि त्याच्या कामाला संध्याकाळ नसते. एकाच्या मालकीचं घर त्याला चालवता येत नाही, दुसरा ते चालवतो पण त्याला तिथे स्वतःची कडी लावता येत नाही. सगळे खटके इथून निघाले पाहिजेत.

आता खटका कसा बांधायचा ते सांगतो. मालकाला दोन हुकूम द्यायला लावा. दोन्ही वाजवी असावेत, पण एका वेळी दोन्ही पाळता येऊ नयेत. नोकराने मात्र दोन्ही अक्षरशः पाळायचे. उदाहरणादाखल मालकाला भाऊसाहेब आणि नोकराला मांगीलाल म्हणू. भाऊसाहेबांना मधुमेह आहे, घरात साखरेचा हिशेब लागत नाही, म्हणून किराण्याच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. पहिला हुकूम: मला विचारल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. दुसरा: 2 ते 4 मला उठवायचं नाही, देव आला तरी. अडीच वाजता व्याही येतात.

व्याही: (घोट घेऊन) साखर विसरलास का रे?
मांगीलाल: नाही काका. साखर चार वाजता उठेल.

चार वाजता भाऊसाहेब बाहेर येतात. व्याही निघून गेलेले, जाताना टोमणा मारून गेलेले.

भाऊसाहेब: अरे, मग मला उठवायचं नाही का!
मांगीलाल: देव आला तरी नाही, म्हणालात. हे तर व्याही होते.

इथे मांगीलाल उद्धट नाही आणि मूर्खही नाही. भाऊसाहेबांचंही काही चुकलेलं नाही. दोघेही बरोबर असले की प्रेक्षकाला बाजू घ्यावी लागत नाही, तो मोकळेपणाने हसतो.

पुढचा खटका या खटक्याच्या निकालातून जन्मला पाहिजे. तुमच्या संहितेत प्रसंग सुटे आहेत, कोणताही आधी घातला तरी चालतो, म्हणून रंगत चढत नाही. इथे भाऊसाहेब संतापून किल्ली मांगीलालच्या हातात देतात आणि म्हणतात, आता चमचाभर कमी झाली तरी तू जबाबदार. झालं, घराची सूत्रं फिरली. रात्री भाऊसाहेबांना चमचाभर साखर हवी आहे आणि कपाटाच्या पायथ्याशी मांगीलाल वळकटी पसरून झोपलाय. मालक आपल्याच घरात चोरपावलांनी येतो. हा प्रसंग 15 व्या मिनिटाच्या आसपास यावा, 4 मिनिटं बिनशब्दांचा चालला तरी भिऊ नका. दिवे पूर्ण घालवू नका. निळसर अर्धा उजेड ठेवा, नाहीतर मागच्या रांगांना नटाचे हात दिसत नाहीत, आणि इथला सगळा विनोद हातांचा आहे.

शेवटच्या खटक्यासाठी इंदूरने तुम्हाला तयार घड्याळ दिलंय: सकाळची कचरागाडी. 2017 पासून सलग सात वर्षं शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं, आणि घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घरगुती घातक. मांगीलाल रुसून ट्रंकेवर बसलाय आणि भाऊसाहेब सहा डब्यांपुढे उभे आहेत. गाडीचं गाणं आधी लांबून, मग जवळ. 90 सेकंदांत आवाज तीन पायऱ्यांनी वाढवा. भाऊसाहेबांच्या हातात रिमोटचा सेल. मांगीलालने जागचं न उठता नुसता डब्याचा नंबर सांगायचा. तीनदा सांगू द्या, चौथ्यांदा नको. तिसऱ्या वेळी भाऊसाहेबांचा हात विचारण्याआधीच बरोबर डब्याकडे जावा. समेट तिथेच झाला, त्यावर भाषण नको.

मांगीलालची बोली हा विनोद करू नका. मराठी घरात वर्षानुवर्षं राहिलेला माळव्यातला माणूस स्वच्छ मराठी बोलतो. फार चिडला तर एखादं वाक्य माळवीत जाऊ द्या, तेही माळवी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. थप्पड नको. आणि चोरीचा आळ तर मुळीच नको. घरात राहणाऱ्या नोकराची सगळ्यात मोठी धास्ती तीच असते. भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेल्या चोरीला वेगळं कलम आहे, 306 वं, आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत. तो आळ आला की हशा मरतो आणि परत येत नाही. तुम्ही पात्रयादीत 12 वर्षांचा ‘छोटू’ ठेवलाय, तोही काढा. 14 वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, त्यावर कुणी हसावं असं मला वाटत नाही.

तमाशाच्या वगातला शिपाई राजासमोर बोलतो ते ऐकलंत तर लक्षात येईल की तो राजाचा अपमान क्वचितच करतो. तो राजाचा हुकूम जरा जास्तच नीट ऐकतो. सोळाव्या शतकापासून इटलीत रंगलेल्या मुखवट्यांच्या नाटकांतही श्रीमंत, कंजूष पांतालोने आणि त्याचे नोकर यांचा खेळ पुष्कळदा असाच चाले.

आता रंगमंचावरच्या गोष्टी. दारं दोनच ठेवा, एक बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, आणि ती समोरासमोर, म्हणजे एक आत जाताना दुसरा बाहेर येतो. मंडपात माइक पुढे, जमिनीलगत असतात. त्यात स्टीलचा ट्रे आपटला की पुढची दोन वाक्यं बुडतात, म्हणून लाकडी ट्रे घ्या आणि खाली फडकं घाला. कप अर्धाच भरा, कोरा कोमट चहा पुरतो. बोलता बोलता खायचं असेल तर शेव-पोहे देऊ नका. कोरडी शेव घशात अडकते आणि ठसका खरा लागतो. केळ्याचा तुकडा चालतो. घंटेचं बटण विंगेतल्या एकाच माणसाकडे असू द्या आणि त्याला प्रत्येक तालमीला बोलवा.

हशा आला की नटाने थांबायचं, पण पूर्ण शांतता होईपर्यंत नाही. आवाज उतरायला लागला की पुढचं वाक्य. हे थांबणं आणि बिनशब्दांचे प्रसंग वेळ खातात, म्हणून तालमीत घड्याळ लावून प्रयोग 20 मिनिटांत बसवा. आत्ता तुमचं नुसतं वाचनच 25 मिनिटांचं होत असेल तर तुम्ही दिलेल्या दोन भांडणांपैकी पहिलं आख्खं काढा, त्यातून पुढे काहीच घडत नाही.